मागच्या सीटवरचा रस्ता

रविवारी सकाळी घोटावडे फाट्यावर उभं राहिलं की पुणं कुठल्या दिशेला सुटलंय ते कळतं. चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट करत दुचाक्या येत राहतात. कुणी चहाला थांबतं, कुणी मिसळीला, कुणी फक्त हवा तपासायला. भरे गाव इथलंच. इथून पुढे पौड, मग मुळशीचं धरण, ताम्हिणी घाट, आणि घाट उतरला की कोकण. ऑक्टोबर 2022 मध्ये चांदणी चौकातला जुना पूल पाडला, ऑगस्ट 2023 मध्ये नवे पूल खुले झाले. शहरातून बाहेर पडणं तेव्हापासून सोपं झालं आणि सुट्टीच्या दिवशीचा सगळा ओघ या रस्त्यावर आला.

या फाट्यावर गाड्या न्याहाळत बसलं की एक गोष्ट लक्षात येते. भारी गाड्यांवर, ज्यांच्या दोन्ही अंगांना पेट्या लावलेल्या असतात, बहुतेक वेळा एकच जण असतो. साध्या दीडशे सीसीच्या गाड्यांवर मात्र दोघं असतात. मध्ये एक सॅक, मागे बंजीने बांधलेली एखादी पिशवी, आणि मागच्याच्या मांडीवर पाण्याची बाटली. मोटारसायकलच्या लांबच्या प्रवासावर जे काही लिहिलं, बोललं, चित्रित केलं जातं ते पुढे बसणाऱ्याचं असतं. मागे बसणारा जणू सामानातच जमा. मला हे पटत नाही. दोघांच्या प्रवासात निम्मी गाडी मागचा चालवतो, आणि हे मला कोकणच्या किनाऱ्याने भरेपासून तेरेखोलपर्यंत जाताना पुरतं कळलं.

मित्र भरे गावचा. घरची भातशेती आहे. शिवाय पिरंगुटच्या कारखान्यांचा माल तो स्वतःच्या टेम्पोने कोल्हापूर, बेळगाव, गोवा असा पोचवतो. आयुष्यभर हातात स्टीअरिंग किंवा हँडल. कॉलेजात असताना आम्ही एकाच गाडीवर फिरायचो, तेव्हाही पुढे तोच असे. दिवाळी उलटून गेली होती, भात कापून झालं होतं, झोडणी घरच्यांवर सोपवता येण्यासारखी होती. गाडी त्याचीच, चाकणला बनलेली पल्सर. निघायच्या आधी आम्ही एक नियम ठरवला. खाडी ओलांडली की पुढचा मागे आणि मागचा पुढे. तो हसत हो म्हणाला, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची ही कल्पना त्याला जड गेली होती हे दिसत होतं.

त्याच्या आईने आंबेमोहोराची एक पिशवी बांधून दिली. गुहागरकडे ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्यांच्यासाठी. दोन माणसं, दोघांचे कपडे, आणि वर हा तांदूळ. मग मागचे शॉकअप दोन खाचा घट्ट केले, मागच्या चाकात एकट्याने फिरताना असते त्याहून जास्त हवा भरली, चेनचा ताण पुन्हा पाहिला. हे सगळं का करायचं ते कळलं की मागे बसणाऱ्याचं महत्त्वही कळतं. साधारण दीडशे किलोची गाडी. तिच्यावर मागे सत्तर किलोचं माणूस बसलं की वजन मागच्या चाकाकडे सरकतं, पुढचं चाक हलकं पडतं, हेडलाइटचा झोत वर उचलला जातो, ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. गाडीवरचं सगळ्यात मोठं आणि एकमेव जिवंत ओझं मागे असतं. ते हललं की गाडी हलते.

पौड गेलं, उजव्या हाताला मुळशीचं पाणी दिसायला लागलं. या पाण्याखाली गावं आहेत. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापट त्यात ‘सेनापती’ झाले. तरीही धरण झालंच. एरवी पूर्वेला, पुण्याकडे वाहणारं हे पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून कोकणात भिऱ्याला वीजघरात सोडतात. मुळशीकर आजही हे बोलताना आवाज चढवतो, आणि चढवायलाच हवा. माझ्या मित्राच्या आजोळची जमीन त्या पाण्याखाली गेली. तो पाण्याकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो. मी मागे होतो म्हणून ते पाणी सलग बघत आलो, कधी झाडांतून, कधी उघडं, थेट निवे येईपर्यंत.

ताम्हिणीत विंझाईच्या देवळापाशी थांबलो. इथून पुढे उतार. तिथे त्याने मला एकच सूचना दिली. “वळणावर माझ्याबरोबर कल. तू घाबरून उलटीकडं कललास, तर गाडी दोघांचंबी ऐकायची नाही.” पावसाळ्यात या घाटात रस्त्यावर पाणी आणि ढग एकत्र असतात, आणि आडव्या गाड्या लावून धबधब्याखाली नाचणारी मंडळीही. नोव्हेंबरात तो शांत असतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे बरेच दिसतात. त्यांनी ते बंद करावं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. डबलसीट असताना तर हे हवंच. मागच्यानेही गुडघे आवळून, हात मागच्या दांडीला धरून आपलं वजन स्वतःच्या पायांवर पेलायचं असतं. नाहीतर प्रत्येक ब्रेकला तो पुढच्याच्या पाठीवर आदळतो, आणि विळ्याला पोचेपर्यंत पुढच्याचे खांदे जातात.

ही दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि चाकात साडी-ओढणी जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी, या तिन्ही गोष्टी कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम त्या सक्तीच्या करतो. मागे एकाहून जास्त माणूस बसवायचं नाही, हे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 128 वं कलम सांगतं, आणि हेल्मेट दोघांनाही लागू, हे 129 वं. कायद्याने मागच्या माणसाला पुरेशी जागा दिलेली आहे. आपण देत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात हेल्मेट नसताना मृत्यू आलेल्या 50,029 माणसांची नोंद आहे. त्यातली 14,337 माणसं मागे बसलेली होती. घोटावडे फाट्यावर मी ज्या जोड्या पाहतो त्यांतल्या कितीतरी जोड्यांत पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मागची बायको, बहीण, मित्र उघड्या डोक्याने असतात. दंड पुढच्याला होतो म्हणून हेल्मेट पुढच्याला. हे बघताना मला मनापासून राग येतो.

रॉबर्ट पर्सिग यांचं 1974 साली आलेलं मोटारसायकलच्या प्रवासावरचं पुस्तक आपल्याकडेही पुष्कळांनी वाचलेलं आहे. 1968 मध्ये त्यांनी केलेल्या प्रवासावर ते बेतलेलं आहे. देखभाल, गुणवत्ता, तत्त्वज्ञान यांविषयी त्यावर खूप चर्चा झाली. माझ्या लक्षात राहिला तो मागे बसलेला अकरा वर्षांचा मुलगा, क्रिस. शेकडो मैल तो बापाच्या पाठीशिवाय समोरचं काहीच बघू शकत नाही. चिडतो, रडतो, पोट दुखतं म्हणतो. पुस्तकाच्या अगदी शेवटी तो फूटरेस्टवर उभा राहतो आणि बापाच्या खांद्यावरून त्याला पहिल्यांदा रस्ता दिसतो. एवढा शहाणा बाप, पण पोराला समोरचं दिसत नाही हे त्याच्या ध्यानात आलेलं नसतं. पुढे बसणाऱ्याचं हे असं होतं, कारण त्याला मागचा दिसतच नाही. आरशात दिसतो तो मागचा ट्रक.

माणगावहून म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून आम्ही बागमांडल्याच्या धक्क्यावर आलो. समोर सावित्रीची खाडी, पलीकडे वेसवी आणि बाणकोटचा किल्ला. इथे फेरीबोट मिळते. सपाट लोखंडी बोट, तोंडाशी खाली पडणारा रॅम्प, त्यावरून आधी मोटारी आणि मग उरलेल्या फटींत दुचाक्या. गाडी साइड स्टँडवर न लावता मेन स्टँडवर लावायची आणि एक हात हँडलवर ठेवायचा, कारण बोट वळताना डुलते. पूर्वी इथे यायचं तर आत आंबेतच्या पुलाला वळसा पडायचा. अशीच सेवा दक्षिणेला वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ ते धोपावे आहे, ती 2003 मध्ये सुरू झाली. त्याच्याही खाली शास्त्रीच्या खाडीत तवसाळ ते जयगड. या तीन बोटींनी कोकणचा किनारा दुचाकीवाल्याला सलग करून दिला.

रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राला धरून रस्ता असावा, ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या नावाशी जोडलेली आहे. 1980 ते 82 ते मुख्यमंत्री होते आणि आंबेत त्यांचं गाव. सागरी महामार्ग म्हणून फलक जागोजाग दिसतात. रस्ता मात्र कुठे दुपदरी, कुठे एका एसटीपुरता, कुठे थेट माणसांच्या अंगणांमधून जाणारा आहे. आता राहिलेल्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम सरकारने हाती घेतलं आहे.

वेसवीला उतरल्यावर किल्ली माझ्याकडे आली. केळशी, आंजर्ले, मग जोग नदीवरचा पूल ओलांडून हर्णै. मागे बसलेला मित्र पहिला तासभर माझ्याऐवजी गाडी चालवत होता. मी ब्रेक लावायच्या आत त्याचा उजवा पाय फूटरेस्टवर दाबला जायचा, ते मला गाडीच्या हलण्यातून कळायचं. आंजर्ल्याचा चढ चढून कड्यावरच्या गणपतीपाशी थांबलो तेव्हा तो म्हणाला, “मागं बसणं लई अवघड काम आहे रे. सगळं दिसतंय आणि हातात काहीच नाही.” मी त्याला म्हटलं, हातात आहे की, माझे खांदे आहेत. त्यावरून खुणा ठरल्या. डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांब. पाठीवर सपाट हात ठेवला तर सगळं ठीक आहे, चालू दे. आता हेल्मेटच्या आत बसणारे इंटरकॉम मिळतात, जोडीने फिरणारे पुष्कळ जण ते वापरतात आणि रस्ता दाखवायला ते सोयीचेही आहेत. आम्ही घेतले नव्हते, आणि मी ते घेणार नाही. बोलता येत नाही तेव्हा माणूस फक्त गरजेचं तेवढंच कळवतो, आणि बाकीचं चहापर्यंत साठवून ठेवतो. चहाला बसल्यावर जे बोलणं होतं ते साठवलेलं असतं म्हणून चांगलं असतं.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. होड्यांमधून पाट्या किनाऱ्यावर येतात आणि वाळूतच बोली सुरू होते. आम्ही तिथे रेंगाळलो, त्यामुळे दाभोळला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. पलीकडे धोपाव्याला नियमाप्रमाणे मित्र पुढे. रात्री मुक्कामी घरात त्या आंबेमोहोराचा भात झाला, सोबत ओल्या नारळाची सोलकढी. घाटावरचा तांदूळ आणि कोकणातला नारळ. यजमान काकूंनी मूठभर तांदूळ नाकाशी नेऊन वास घेतला आणि विचारलं, हा कुठला? भरे, मित्र म्हणाला, आणि मग सगळ्या घराला मुळशी कुठे, पौड कुठे, तिथलं पाणी कुठून कुठे जातं हे समजावून सांगत बसला. दिवसभर ज्या पाण्याकडे त्याने पाहिलं नव्हतं त्याविषयी तो तासभर बोलला.

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. जयगडला उतरलो तेव्हा पुढे मी. जयगडचं बंदर आणि वीज प्रकल्प यांच्यामुळे महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवजड गाड्या फार. आम्ही किनाऱ्याचा धरला. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, तिथे थोडं थांबलो. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. आणि इथे आमच्या नियमाची पंचाईत झाली. रत्नागिरीच्या दक्षिणेला थेट तेरेखोलपर्यंत बोटी नाहीत, पूल आहेत. काजळीवर भाट्याचा, मुचकुंदीवर पूर्णगडचा, पुढे जैतापूरचा, वाघोटनचा. पुलावर कुणी थांबत नाही. खाडी कधी आली आणि कधी गेली ते पुढच्याला कळतही नाही, मागच्यालाच तेवढं डोकं वळवून पाणी बघता येतं. आम्ही मग प्रत्येक पूल ओलांडला की कडेला गाडी घेऊन जागा बदलायला लागलो.

बोटींच्या जागी पूल आले की किनाऱ्याची मजा जाईल, अशी हळहळ शहरातून येणाऱ्या दुचाकीवाल्यांकडून ऐकू येते. मी तिच्यात सामील नाही. रात्री बोट बंद झाल्यावर अडलेली बाळंतीण, बर्फ वितळायच्या आत बाजारात पोचवायची मासळी, पलीकडच्या गावातलं कॉलेज, यांच्यासाठी पूल व्हायलाच हवेत आणि लवकर व्हायला हवेत. आपल्याला थांबायचं असेल तर आपण पुलाच्या पलीकडे थांबावं.

पूर्णगड ओलांडल्यावर आडिवऱ्याच्या आसपास, सड्यावर, क्लचची केबल तुटली. पुढे मी होतो. दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत, जांभ्याचे गडगे, लांब एक चिरेखाण, आणि माणूस कुठे नाही. मी गॅरेज शोधायच्या विचारात असताना मित्राने खाली बसून हँडलजवळची काळी टेप सोडवली. जुन्या केबलला लागूनच त्याने नवी केबल निघण्याआधीच बांधून ठेवलेली होती. येझदी आणि बुलेट चालवणाऱ्या जुन्या पिढीची ही पद्धत. केबल शोधायला नको, ओढायला नको, वरचं टोक लिव्हरमध्ये आणि खालचं इंजिनाशी अडकवलं की काम झालं. दहा मिनिटांत गाडी चालू. हे त्याला त्याच्या चुलत्यांनी शिकवलेलं. आता नव्या गाड्यांत माणसाने स्वतः करण्यासारखं फारसं उरलेलं नाही, ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढणं तेवढं राहिलं आहे. पण जोडीतल्या एकाला तरी पाना धरता यायला हवा, आणि दुसऱ्याला बॅटरी नीट धरून उभं राहता यायला हवं. दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. उजेड चुकीच्या जागी पाडणाऱ्या माणसाबरोबर फार लांब जाता येत नाही.

सोबत टिकणं किती अवघड असतं याचा दाखला मुंबईतच आहे. 15 ऑक्टोबर 1923 ला सहा पारशी तरुण तिथून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. 18 मार्च 1928 ला परतले ते तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीचे तिघे वाटेत गळले. आणि अर्नेस्तो गेव्हारा व आल्बेर्तो ग्रानादो यांचा 1952 चा प्रवास जगाला मोटारसायकलमुळे माहीत आहे, पण ती ग्रानादोची नॉर्टन चिलीतच कायमची बंद पडली. त्यानंतर ते चालत, ट्रकमधून, बोटीतून पुढे गेले, आणि व्हेनेझुएलात निरोप घेतला. ग्रानादो तिथे कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिला, अर्नेस्तो पुढे ‘चे’ झाला. गाडीने त्यांना सुरुवात करून दिली आणि निम्म्या वाटेत ती बाजूला झाली. जोडी मात्र पुढे बरीच चालली. क्रांतीनंतर ग्रानादो क्यूबात जाऊन स्थायिक झाला, तिथेच 2011 मध्ये गेला.

विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा. आचऱ्याच्या अलीकडे रस्ता विचारला तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, “रस्तो बरो आसा, पण गुरां आडवी येतत.” आलीही. मालवणला मासे खाल्ले, वेंगुर्ला ओलांडलं, शिरोड्याला मिठागरं पाहिली. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथे मोठा झाला होता, आणि वि. स. खांडेकर याच गावच्या शाळेत बरीच वर्षं शिक्षक होते. या टापूत मित्र मागे होता. पाठीवर त्याचा सपाट हात मला दोन-तीनदा जाणवला. पायाने फूटरेस्ट दाबणं त्याने कधी बंद केलं ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

रेडी संपलं की तेरेखोलचा किल्ला. नदी त्याच्या दक्षिणेला आहे, म्हणजे किल्ला महाराष्ट्राच्या काठावर, पण पोर्तुगीजांच्या ताब्यात होता म्हणून आजही गोव्यात. खालून केरीला बोट जाते. प्रवासातली शेवटची खाडी. त्या धक्क्यावर दोघांनी परतीचा रस्ता ठरवला. बांदा, सावंतवाडी, आंबोली घाट, मग कोल्हापूरवरून महामार्गाने पुणे. केरीला उतरल्यावर नियमाप्रमाणे पाळी त्याची होती. पिरंगुटचा माल घेऊन तो आंबोलीतून वर्षानुवर्षं येतो-जातो, तिथलं एकूण एक वळण त्याला पाठ आहे. म्हणून मी किल्ली पुढे केली.

“नको, तूच चालव,” तो म्हणाला. “आंबोलीची दरी म्हणे लई चांगली दिसती. मी नुसता रस्ताच बघत आलोय. सावंतवाडीपासून घाट संपेपर्यंत मागं बसतो, तू सावकाश घे.”

मी आरसे माझ्या उंचीला लावून घेतले. त्याने मागची दांडी हाताने हलवून घट्ट आहे का ते पाहिलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि बसल्यावर माझ्या डाव्या खांद्यावर आधीच एक थाप मारून ठेवली.